एक नंबर कमी

३ जून

चिंगे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून घालत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण दिवसा मी दुकानात असते आणि संध्याकाळी तुझ्या शेजारी जावईबापू बसलेले असतात. विषय त्यांच्या कानावर जाण्यासारखा नाही.

तर, मी एक छोटंसं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं आहे. छातीचा भार कमी करायचं. दचकू नकोस, हल्ली पुष्कळ बायका करतात. चपलांच्या दुकानात त्या बुटक्या स्टुलावर बसून, लोकांच्या पायांशी वाकून वाकून माझी मान आणि पाठ कामातून गेली. खांद्यांवर पट्ट्यांचे खड्डे पडलेत, ते सकाळी उठल्यावरही तसेच असतात. उन्हाळ्यात खालच्या घडीत पुरळ येतं ते तुला ठाऊक आहे, पावडरचे डबे तूच आणून द्यायचीस. परवा एका शाळकरी मुलीच्या बुटाची नाडी बांधायला वाकले आणि छाती गुडघ्यावर टेकून तशीच दम खात राहिले. ती पोरगी आपल्या आईला म्हणते, "आजींना झोप लागली." त्या दिवशी ठरवलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. तिला मी माझं माप सांगितलं आणि नंतर कोणतं हवं तेही सांगितलं, तुझ्या मामीएवढं. मामी म्हणजे सपाट पाटी. तर ही बाई म्हणते, "मी नंबर देणार नाही." मला ते पटलं नाही. गिऱ्हाइकानं सात नंबर मागायचा आणि मी म्हणायचं, पैसे ठेवा, डब्यात निघेल तो तुमचा? माणूस काहीतरी लपवत असला की आकडा सांगत नाही. तुला काय वाटतं? पुन्हा बोलावलंय, तेव्हा खोदून विचारणार आहे.

सप्टेंबरात करीन म्हणते. तू यायची गरज नाही, मामी आहे.

आई

१४ जून

आई,

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि पुढच्या तासाला सातवीच्या मुलांसमोर फळ्यावर गणित चुकवून आले.

काय झालंय ते खरं सांग. 'छोटंसं ऑपरेशन' असले शब्द मी आधी वाचले आहेत. बाबांच्या वेळी 'पोटात जरा जळजळतं' असं लिहिलं होतंस. मुलांची परीक्षा उरकून मी आले, तेव्हा ते मला ओळखत नव्हते. मी पाण्याचा पेला पुढे केला तर मला सिस्टर म्हणाले. तुझ्या दुकानात लोक नंबर कमी सांगतात ना, तशी आपल्या घरात बातमी सांगतात. तेव्हा 'छोटंसं' म्हणजे केवढं ते आता मीच धरून चालते. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच.

सत्तावन्नाव्या वर्षी कुणी हौसेनं छातीला सुरी लावून घेत नाही. गाठ आहे का? असेल तर कडक आहे की मऊ? बोटाखाली सरकते की जागच्या जागी राहते? दुखत नसेल तर ते चांगलं की वाईट, काय म्हणाल्या? वरच्या कातडीला खळी पडली आहे का? आजीला असं काही होतं का? ती कशानं गेली ते मला कधी कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि त्या डॉक्टर नंबर देत नाहीत यात मला निराळाच वास येतो. कमी करायचं नसेल, काढूनच टाकायचं असेल, तर नंबर देतील कशाला?

माझं ठीक चाललंय. थोडा थकवा आहे, शाळेचा.

चिंगी

२५ जून

चिंगे,

गाठ नाही. मोठ्या अक्षरांत लिहू का? या वयात ऑपरेशनआधी गाठ आहे का ते पाहायला छातीचा फोटो काढतातच. माझाही काढला आणि स्वच्छ आला. आजी न्यूमोनियानं गेली. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणजे किती, याला काही मर्यादा? बाबांचं म्हणशील तर त्यांनीच मला शपथ घातली होती, पोरीच्या शाळेची परीक्षा होऊ दे म्हणून. तुझा राग तुझ्यापाशी, मी तो काढून घ्यायला येत नाही. पण तो या गोष्टीला चिकटवू नकोस.

आता माझी फजिती ऐक. दुकानात नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी एकच शिकवते. गिऱ्हाइकाला नंबर विचारायचा नाही, पाय पट्टीवर ठेवायला लावून माप घ्यायचं, कारण माणूस स्वतःचा नंबर नेहमी एक कमी सांगतो. आणि मी स्वतः? तुझ्या जन्मानंतर अंगाला टेप लावलेला नाही. दुकानदार विचारायचा, मी अडतीस सी म्हणायचे, तो गुंडाळून द्यायचा. यावेळी सिस्टरनं टेप काढला. घेर निघाला छत्तीस, आणि पुढचं अक्षर सांगताना ती इतकी लांब गेली की मला वाटलं ही इंग्रजी मुळाक्षरं म्हणून दाखवते आहे. दिव्याखाली अंधार.

डॉक्टरीणबाईनं मग समजावलं. एवढं सगळं कापून शिवून मी येणार कुठे, तर साधारण त्या सीच्या आसपास, जो मी इतकी वर्षं सांगत आले. म्हणजे मी जिथे आहे असं समजत होते, तिथे पोचायला ऑपरेशन. आणि तोही शब्द द्यायला ती तयार नाही. म्हणाली, एका कंपनीचा सी दुसरीचा डी असतो, अक्षराचं वचन मी कसं देऊ? यावर मी मान डोलावली, कारण आमच्याकडेही एका कंपनीचा सहा दुसरीच्या सातएवढा असतो.

मामीएवढं का नाही, तेही विचारलं. माझे खांदे रुंद आहेत, आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा टिकायचा तर आतलं सगळं काढता येत नाही. वण राहणार, स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि खालच्या घडीत आडवा. वर्षभरात फिके होतील, पुसले जाणार नाहीत. तिथली जाणीव कमी होईल, कदाचित जाईलही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत, पण दोन पाय तरी कुणाचे सारखे असतात? सूज उतरून खरा आकार दिसायला काही महिने लागतील. मग कागद बाजूला सारून तिनं विचारलं, "नंबर सोडा. नंतर तुम्हाला काय करता यायला हवं?"

मी म्हटलं, नाडी बांधताना श्वास घेता यायला हवा. ती म्हणाली, "त्याचा मी बऱ्यापैकी भरवसा देते." मला रडू आलं. जरासंच.

आई

८ जुलै

आई,

पत्र चार वेळा वाचलं. इतकं सविस्तर तू कधी लिहीत नाहीस, म्हणूनच संशय वाढला. खरं लपवायचं असलं की माणूस भोवतीचं बारीकसारीक सगळं सांगतो. माझ्या वर्गातली मुलं गृहपाठ केला नसला की असाच तपशील देतात.

मामीला मी फोन केला होता. ती म्हणते तू वाळली आहेस. आणि काढलेला भाग तपासायला प्रयोगशाळेत पाठवणार आहेत, हे तू मामीला सांगितलंस, मला नाही. स्वच्छ असेल तर तपासायचं काय?

त्या फोटोबद्दलही एका ओळीत उरकलंस. तो कसा काढतात? फार दुखतं का? लगेच त्याच दिवशी सांगतात की वाट पाहायला लावतात? बरोबर कुणाला घेऊन जावंच लागतं का? एकटी बाई गेली तर काही विचारतात का?

मला तुझी काळजी वाटते, दुसरं काही नाही. यांना मी अजून काही बोललेले नाही.

चिंगी

१६ जुलै

चिंगे,

तर तो उद्योग तुझा होता. मामी परवा न सांगता टपकली, माझं औषधाचं कपाट उघडून बसली आणि म्हणे, "डोकेदुखीची गोळी शोधतेय." तिचं डोकं जन्मात दुखलेलं नाही, ते दुखायला काही कारणच नाही. मी सगळ्या बाटल्या काढून तिच्यापुढे मांडल्या आणि म्हटलं, वाच आणि कळव तिकडे.

वाळले कारण डॉक्टरीणबाईनं सांगितलं, वजन आधी उतरवा आणि एका जागी आणा, नाहीतर नंतर आकार पुन्हा बदलतो. आणि काढलेला भाग ते सगळ्यांचाच तपासतात. दुकान बंद करताना मी रिकामे डबेही उघडून पाहते, ते काय चोरी झाली म्हणून?

हे सगळं लिहून पत्र बंद करणार होते. मग तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली.

आमच्याकडे काही बायका येतात, म्हणतात, "मैत्रिणीसाठी हवाय, तिचा पाय जरा रुंद आहे, अंगठ्याजवळ हाड वाढलंय, तिथे घासतं." आणि बोलता बोलता स्वतःचा पाय स्टुलाखाली ओढून घेतात. मैत्रिणीच्या अंगठ्याचं इतकं कुणाला ठाऊक नसतं.

ऑपरेशननंतर मला कोण जेवायला घालील, दुकान कोण बघेल, हे तू एकदाही विचारलं नाहीस. तुझे प्रश्न कसले, तर कडक की मऊ, सरकते की नाही, खळी पडते का, आजीला होतं का, एकटी बाई गेली तर चालतं का. यातले बरेच प्रश्न तपासणीच्या खोलीत सिस्टरनं मला विचारले होते. तू ते कुठून आणलेस?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इतके दिवस तू माझ्या छातीत गाठ शोधते आहेस. ती कुणाची आहे, चिंगे?

फोटोत दुखतं का, याचं उत्तर मी देणार नाही. जाऊन ये आणि तूच मला सांग. तोवर माझी तारीख थांबवायला सांगितली आहे.

आई

९ ऑगस्ट

आई,

उत्तराला उशीर झाला. शाळेत चाचणी परीक्षा होत्या.

तू उगाच घाबरलीस. डावीकडे काखेजवळ वाटाण्याएवढं काहीतरी लागत होतं खरं, पण ते बायकांच्या अंगात येतं-जातं. तरी तुझ्या समाधानासाठी गेल्या आठवड्यात जाऊन आले. तुझा काढला तसाच फोटो माझाही काढला. काही दुखलंबिखलं नाही. पाच मिनिटं टेबलावर पडून राहायचं, वरून मशीन फिरतं, झालं. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, सहा महिन्यांनी पाहू.

तेव्हा तुझी तारीख थांबवू नकोस, सप्टेंबरचीच घे. इतकी वर्षं तू ओझं वाहिलंस, आता माझ्या वाटाण्यापायी आणखी नको. आणि मला माफ कर, मामीला तुझ्यावर सोडल्याबद्दल.

थकवाही कमी आहे. हे ठीक आहेत.

चिंगी

१६ ऑगस्ट

चिंगे,

तो फोटो उभ्यानं काढतात.

पडून नाही, उभ्यानं. मशीनसमोर छाती एका थंडगार पाटीवर ठेवायला लावतात आणि वरून दुसरी पाटी दाबत आणतात, दारात बोट चेंगरावं तशी. क्षणभरच, पण जी बाई जाऊन आली ती हे सांगितल्यावाचून राहत नाही. मी जूनच्या पत्रात हे लिहिलं नाही ते तुला भीती वाटू नये म्हणून. जुलैच्या पत्रात लिहिलं नाही ते मुद्दाम. ताकाला जाऊन भांडं लपवणारी तू पहिली नाहीस, मी लपवण्यात तुझ्याहून जुनी आहे.

तू गेलेलीच नाहीस. हे मला कळलं तेव्हा मी दुकानात एका बाईच्या पायात बूट घालत होते. तो तिच्या पायातच राहू दिला आणि मागच्या खोलीत जाऊन खोक्यांवर बसले. बाबांच्या वेळी तुला काय वाटलं असेल ते तिथे मला कळलं. आपलं माणूस 'ठीक आहे' म्हणतं आणि आपल्याला त्यातला एक शब्दही खरा धरता येत नाही.

वाटाण्याएवढी म्हणतेस. तू माझी पोर आहेस, तेव्हा वाटाणा म्हणजे काय असेल ते मी धरून चालले आहे. पण धरून चालण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाचा नंबर ऐकायचा नसतो, माप घ्यायचं असतं.

शनिवारी येते आहे. जावईबापूंना तू आधी सांग, नाहीतर मी दारातच सांगीन.

आई

१२ सप्टेंबर

आई,

फोन उचलला होता. 'काही विशेष नाही' हे शब्द तोंडात तयारच होते, म्हणून ठेवून दिला. कागदावर निदान खोडलेलं दिसतं. मी काहीही खोडलेलं नाही, बघून घे.

तू आलीस, हाताला धरून मला नेलंस, त्या पाटीपुढे उभी राहिले तेव्हा दाराबाहेरून मोठ्यानं म्हणालीस, "दुखतंय ना? आता लिही मला." आतली सिस्टर हसली. मग त्यांनी सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत तू थांबते म्हणत होतीस. मीच तुला गाडीत बसवलं, कारण माझ्या आग्रहानं तू पुन्हा घेतलेली तारीख जवळ आली होती आणि गाडीची पायरी चढतानाही तू खांबाला धरून दम खाल्लास. खिडकीतून म्हणालीस, "जे येईल ते जसंच्या तसं कळव."

रिपोर्ट काल आला. गाठ कॅन्सरची आहे.

वाटाण्याएवढी नाही, लिंबाएवढी आहे. छोट्या लिंबाएवढी असं लिहिणार होते, पण डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले मध्यम. काखेत पसरली असावी असा त्यांना संशय आहे, ऑपरेशन केल्यावर नक्की कळेल. आधी औषधं, मग ऑपरेशन. केस जातील. बरी होण्याची शक्यता चांगली आहे म्हणाले. हे 'चांगली' त्यांचं आहे, माझं नाही, मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. गाठ माझ्या हाताला मार्चमध्येच लागली होती. तेव्हाच आले असते तर गोष्ट वेगळी असती, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

इतके दिवस मी तुझ्या पत्रांत तीच शोधत होते. तुला असती तर तू काय करतेस ते बघून मीही तेच करणार होते. तुला नव्हतीच, आणि मला त्याचा राग आला होता. हेही लिहिते.

यांना सगळं सांगितलं आहे. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. उद्या सकाळी ते तुझ्या दारात उभे असतील.

काल रात्रीपर्यंत मी ठरवलं होतं की तुला लिहायचं, तू तुझी तारीख सोडू नकोस, इथे आम्ही दोघं बघून घेऊ, यांची बहीण आहे, शेजारी आहेत. सुबक पत्र झालं असतं. तुझं ऑपरेशन झालं तर सहा आठवडे तू काही उचलू शकणार नाहीस, ते मला माहीत आहे. आणि ते पुढं ढकललं तर तू आणखी कितीतरी महिने त्या स्टुलावर गुडघ्यावर छाती टेकवून दम खाशील, तेही माहीत आहे. त्या नाडीसाठी तू डॉक्टरांसमोर रडली होतीस. 'जरासं' लिहिलं होतंस, मी ते बरोबर वाचलं होतं.

तरी तारीख सोड. यांच्याबरोबर ये.

मला भीती वाटते आहे, आई. जराशी नाही.

चिंगी